जुने मासे ठणठणीत, मग नवीनच का मरतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १०० लिटरची टाकी तीन वर्षं चालू आहे. त्यात पाच रोझी बार्ब आणि एक सकर, सगळे पहिल्यापासूनचे आणि तब्येतीने उत्तम. पाणी आरशासारखं स्वच्छ. आटलं की तुम्ही वरून भरता, आणि महिन्यातून एकदा फिल्टर नळाखाली घासून धुता. गेल्या सहा महिन्यांत तीन वेळा निऑन टेट्रा आणले, दरवेळी आठ. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली आणि मग मासे सोडले. दोन-तीन दिवस ते बरे दिसतात, चौथ्या-पाचव्या दिवसापासून एकेक जायला लागतो आणि आठवड्यात टाकी पुन्हा पहिल्यासारखी. दुकानदार आजारी मासे देतो, की निऑन ही जातच नाजूक, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही शक्य आहे. पण तीन वेळा आणलेले चोवीस मासे त्याच दिवसांत, त्याच पद्धतीने गेले असतील, तर मी आधी टाकीकडे बघेन. जुने मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे असं आपण धरून चालतो, आणि घोळ तिथेच होतो. तुमच्या बार्बनी तीन वर्षं रोज केसभर बदलत गेलेल्या पाण्याशी जमवून घेतलंय. नवीन माशाला ती तीन वर्षांची सवय अर्ध्या तासात करून घ्यावी लागते. म्हणून नवीन मासे सुखरूप कसे सोडायचे हा प्रश्न आणि टाकीची देखभाल कशी करायची हा प्रश्न, दोन्ही एकच आहेत. मी वीसेक वर्षं मासे पाळतोय, त्यातली बरीच वर्षं इतरांच्या टाक्या सांभाळण्यात गेली, आणि नेमकी हीच तक्रार मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे.

मासा कधी गेला यावरून मी पहिला अंदाज बांधतो. सोडल्यावर तासाभरात तडफडला, तर क्लोरीन, तापमान किंवा जोरदार अमोनिया. एक-दोन दिवसांत गेला, तर पीएचचा, म्हणजे पाण्याच्या आम्लतेतल्या बदलाचा, झटका किंवा अमोनिया. तिसऱ्या दिवसापासून आठवड्यापर्यंत एकेक करून गेले, तर क्षारांमधला फरक किंवा नायट्राइट. आठवडा नीट काढून मग अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके, कापसासारखे पुंजके किंवा झडलेले पर दिसले, तर आजार सोबतच आला होता. हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. पण तुमचं वर्णन तिसऱ्या गटात बसतं, म्हणून मी तिथून सुरुवात करतो.

आधी क्षारांचं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांमधून पाणी सतत आत शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकत असतात. जाता जाता निसटणारे क्षार कल्ले पाण्यातून परत ओढून घेतात. हा सगळा कारभार मासा ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याला बेतलेला असतो. २०० टीडीएसच्या (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचं माप) पाण्यातला मासा अचानक १२०० च्या पाण्यात गेला, तर हा कारभार नव्याने बसवायला त्याला दिवस लागतात. तो लगेच मरत नाही. खातो, फिरतो, आपल्याला वाटतं रुळला. आतून मात्र तो थकत जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कोपऱ्यात पर मिटून, शरीर किंचित तिरपं करून, भरभर कल्ले हलवत उभा दिसतो. हे चित्र तुम्ही तीनदा पाहिलं असणार.

आता तुमच्या टाकीत एवढे क्षार येतील कुठून? आटलेलं पाणी भरण्यातून. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. १०० लिटरच्या टाकीत खडी, दगड वगळून पाणी साधारण ८० लिटर असतं. आठवड्याला ५ लिटर आटतं असं धरलं, तर वर्षाला २६० लिटर पाणी वरून पडतं आणि त्या २६० लिटरचे क्षार टाकीतच साठतात. नळाचं पाणी ३०० टीडीएसचं असेल तर हिशोबाने वर्षाअखेर टाकीतलं पाणी १२०० च्या पुढे जातं. थोडे क्षार काचेवर आणि हीटरवर बसतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल. पाण्याच्या पातळीच्या जरा वर काचेवर पांढरी, खरखरीत रेघ आहे का बघा. नखाने खरवडून निघत नसेल, तर तुमची टाकी तीन वर्षं हेच करत आली आहे.

पण हे सगळं नळाला जड पाणी असेल तर. पाणी मऊ असेल तर गोष्ट वेगळ्या वाटेने जाते, आणि ती जास्त फसवी आहे.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. फिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसवणारं. इथवर बहुतेकांना माहीत असतं. क्वचितच कुणी सांगतं ते असं, की हे काम करताना जिवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा साठा (चाचणीत त्याला केएच म्हणतात), खात असतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता जाते. मऊ पाण्यात ती मुळातच कमी. ती संपली की पीएचला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो साडेसहा, सहा असा घसरतो. पीएच घसरला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि सहाच्या आसपास जवळपास थांबतं. अमोनिया साठू लागतो. तरीही जुने मासे मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप बरंच सौम्य असतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्के. म्हणजे एका अंकाला दहापट. नवीन मासा मात्र या घसरलेल्या पीएचमध्ये आणि साठलेल्या अमोनियात एकदम येऊन पडतो.

यातला धोका मी स्वतः ओढवून घेतला होता. सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक जुनी टाकी माझ्याकडे होती, पाण्याला हलका पिवळसर रंग, सायफनच्या नळीने तळाचं पाणी ओढलं की पावसाळी डबक्यासारखा वास. एका संध्याकाळी मी मन लावून सगळी साफ केली. खडी उपसून काढली, फिल्टर नळाखाली पांढराशुभ्र केला, चार पंचमांश पाणी ताजं भरलं. रात्री टाकी इतकी सुंदर दिसत होती की मी बराच वेळ समोर बसून राहिलो. सकाळी सगळे सहा एंजल मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. दुपारपर्यंत चार गेले. ताज्या पाण्याने पीएच वर गेला होता, मागे राहिलेला अमोनियम विषारी झाला होता, आणि तो निस्तरणारे जिवाणू मी आदल्या संध्याकाळी नळाखाली धुऊन टाकले होते. पाच वर्षांचे मासे होते ते. त्यानंतर जुन्या टाकीचं पाणी आधी न मोजता मी कधीही एकदम बदललेलं नाही, आणि तुम्हीही हे उत्तर वाचून आज रात्री सगळं पाणी बदलायला जाऊ नका, हीच माझी पहिली विनंती आहे.

तर आधी मोजमाप. द्रवाची टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्या झटपट असतात, पण त्यांचा नायट्रेट आणि नायट्राइटचा रंग वाचणं कठीण जातं. लागणाऱ्या चाचण्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, केएच. सोबत पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो, तो घ्या. नायट्रेटच्या बहुतेक किटमध्ये एका बाटलीत तळाशी भुकटी बसलेली असते. ती बाटली सूचनेत दिलंय तेवढा वेळ जोरात हलवली नाही, तर आकडा खोटा कमी येतो, आणि माणूस निर्धास्त होतो. नळाचं पाणी बादलीत चोवीस तास ठेवून मग मोजा, कारण नळातून ताज्या आलेल्या पाण्यात विरघळलेल्या वायूंमुळे पीएच वेगळा दिसू शकतो. नळाचे आणि टाकीचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. टाकीचे आकडे एकटे फार काही सांगत नाहीत, दोन्हींमधला फरक सांगतो.

टाकीचा टीडीएस नळाच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल, किंवा पीएच नळापेक्षा एका अंकाने खाली असेल आणि केएच जवळजवळ शून्य, किंवा नायट्रेट ८० पीपीएमच्या (लिटरला ८० मिलिग्रॅमच्या) पुढे, तर तुमचं उत्तर मिळालं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत, तिथे थोडं चालतं असं काही नसतं. नायट्राइट दिसलं तर ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही आणि कल्ले तपकिरी दिसायला लागतात. अशा वेळी पाणी बदलण्याच्या जोडीला लिटरला अर्धा ग्रॅम साधं मीठ विरघळवून घातलं, तर त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरताना अडवतं. हा तात्पुरता आधार आहे, उपाय नव्हे.

सगळे आकडे नळाच्या पाण्याशी जुळत असतील, तर मात्र मी तुमच्या टाकीला दोष देणार नाही. मग प्रश्न निऑनच्या तब्येतीचा, सोडण्याच्या पद्धतीचा किंवा बार्बच्या पाठलागाचा. त्याकडे पुढे येतो.

टाकी बिघडलेली निघाली, तर ती तीन वर्षांत बिघडली, तिला सुधारायला महिनाभर द्या. एक दिवसाआड फक्त १० टक्के पाणी बदलायचं, म्हणजे तुमच्याकडे ८ लिटर. नव्या पाण्याचं तापमान टाकीच्या एक-दोन अंशांत हवं आणि क्लोरीन काढलेलं हवं. दरवेळी ९० टक्के जुनं राहतं, म्हणून असे सात बदल झाले की साठलेलं निम्म्यावर येतं, चौदा झाले की पावावर. प्रत्येक बदलाआधी अमोनिया आणि पीएच मोजा. अमोनिया दिसत असेल आणि पीएच सातच्या वर सरकत असेल, तर अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर (पाण्यात घालायचं द्रावण) त्या दिवशी घाला आणि खाणं कमी करा. या महिन्यात फिल्टरला हात लावायचा नाही, खडी एका वेळी पावभागच सायफन करायची, आणि एकही नवीन मासा आणायचा नाही. शेवटची अट पाळणं सगळ्यात अवघड जातं, हे मला माहीत आहे.

क्लोरीनबद्दल एक खुलासा. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, हे खरं आहे, आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड ठेवला तर आणखी लवकर. पण काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही. तुमच्याकडे काय वापरतात याची खात्री नसेल तर कंडिशनर वापरा. क्लोरामाइन फुटलं की त्यातून थोडा अमोनिया मोकळा होतो, म्हणून अमोनियाही बांधणारं कंडिशनर असलेलं बरं.

महिन्यानंतरची नित्याची देखभाल फार नाही. आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलणं हा तिचा कणा. हा आकडा कुठून येतो ते सांगतो, म्हणजे तुम्ही तो आपल्या टाकीनुसार बदलू शकाल. समजा नायट्रेट आठवड्याला १० पीपीएमने वाढतं आणि नळाच्या पाण्यात ते नाही. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदललंत, तर नायट्रेट वाढत वाढत शेवटी ४० वर जाऊन थांबतं. १० टक्के बदललंत तर १०० वर. काहीच बदललं नाहीत तर थांबतच नाही. म्हणून दोन आठवडे पाणी न बदलता नायट्रेट किती वाढतं ते एकदा मोजा आणि त्यावरून ठरवा. दाट वनस्पती आणि मोजके मासे असतील तर कमी बदलून चालतं. सकर असेल तर नाही.

फिल्टर. तुमच्या सवयींमधली मी तातडीने बदलेन ती ही. फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत थर ही टाकीची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, कारण जिवाणू तिथे राहतात. नळाखाली घासलं की थर निघून जातो आणि उरलेल्याला क्लोरीन लागतं. पाणी बदलताना काढलेलं जुनं पाणी बादलीत असतंच, त्यात स्पंज बुडवून चार-पाच वेळा दाबा. कॉफीसारखा गढूळ गाळ सुटतो. स्पंज अजून तपकिरीच दिसेल, तसाच परत लावा. हेही दर महिन्याला ठरवून नव्हे, पाण्याची धार मंदावली की करायचं. दोन स्पंज असतील तर एकदा एक, पुढच्या वेळी दुसरा. खडी जोरात सायफन केली त्या आठवड्यात फिल्टर धुवायचा नाही. महिन्याला फिल्टरचं काडतूस (कार्ट्रिज) बदला असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते सगळं फेकलं की जिवाणूंची वसाहतही फेकली जाते. नवीन माध्यम घालायचंच असेल तर जुन्याच्या शेजारी महिनाभर चालू द्या. आणि वीज जाऊन बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल, तर सुरू करण्याआधी उघडून टाकीच्या पाण्यात विसळा. आतलं कुजकं पाणी एकदम टाकीत जाऊ देऊ नका.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना बऱ्याचदा दिवसभर लागतो. पोटातले साधे जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, त्या तुलनेत ही गती लक्षात घ्या. दुकानात बाटलीतून मिळणाऱ्या जिवाणूंबद्दलही लोक नेहमी विचारतात. पूर्वी सगळे समजत की नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोबॅक्टर करतात. १९९८ मध्ये संशोधक टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते काम नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करत असल्याचं दाखवलं, आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. बाटली ताजी आणि नीट साठवलेली असेल तर मदत होते. पण चालू टाकीतल्या स्पंजचा एक तुकडा मला कुठल्याही बाटलीपेक्षा भरवशाचा वाटतो.

खाणं दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढं. आठवड्यातून एक दिवस उपास. बाकी काच पुसणं, कुजलेली पानं काढणं, दिवा आठ तासांवर ठेवणं, हे तुम्ही करतच असाल.

आता नवीन मासे. इथवरचं एवढंच धरून ठेवा: आकडे मोजले, महिन्यात पाणी नळाच्या जवळ आणलं, आठवड्याचा बदल सुरू झाला. मगच निऑन.

माझ्याकडे कुठलाही मासा थेट मोठ्या टाकीत जात नाही. २५-३० लिटरची एक साधी टाकी घ्या, तळाला खडी नको. हीटर, झाकण, लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे दोन तुकडे आणि हवेवर चालणारा स्पंज फिल्टर. हा स्पंज आधी महिनाभर मोठ्या टाकीत चालवा. तोच महिना, ज्यात तुम्ही पाणी सुधारत आहात. म्हणजे निऑन येतील तेव्हा छोट्या टाकीला तयार जिवाणू मिळतील. मासे तिथे चार आठवडे राहतील.

चार आठवडे का, याचं उत्तर पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारात आहे. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. २५ अंशांच्या आसपास ही फेरी साधारण आठवडाभरात पूर्ण होते, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात. पहिल्या फेरीत एक-दोन परजीवी कल्ल्यांत लपलेले असतात, ते आपल्याला दिसत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ठिपके उमटतात. औषध फक्त पोहणाऱ्या अवस्थेवर चालतं, म्हणून ठिपके गेले तरी डोस पूर्ण करायचा. आणखी एक सावधगिरी: तोंडाशी किंवा पाठीवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो ठिपक्यांचा आजार नव्हे. लोक सरसकट तापमान वाढवतात. ठिपक्यांवर ते उपयोगी पडतं, पण तो पुंजका कॉलमनॅरिस या जिवाणूचा असेल, तर वाढत्या तापमानात तो आणखी वेगाने पसरतो.

वेगळ्या टाकीचा दुसरा फायदा तुमच्यासाठी जास्त मोलाचा आहे. तिथलं पाणी तुम्ही माशाला हवं तसं ठेवू शकता. मासे घेताना दुकानातल्या टाकीचं पाणी छोट्या बाटलीत मागून आणा आणि मोजा. छोट्या टाकीचं पाणी त्या टीडीएस आणि पीएचच्या जवळ ठेवा. मग दुसऱ्या आठवड्यापासून तिथे पाणी बदलताना मोठ्या टाकीचं पाणी थोडं थोडं घाला. चौथ्या आठवड्यापर्यंत दोन्ही सारखी होतात. जे काम अर्ध्या तासाच्या पिशवीला झेपत नव्हतं, ते तीन आठवड्यांत सहज होतं.

खुद्द सोडण्याची रीत प्रवास किती झाला यावर ठरते. तासाभराचा प्रवास असेल तर दिवा बंद करा, बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगू द्या म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून दर पाच-सात मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी घाला, पाऊणेक तास. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

पण मासे आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त पिशवीत असतील तर ही हळूहळूची पद्धत उलटते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पीएच खाली राहतो, आणि साठलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया माशाच्या अंगावर विषारी होतो. तिथे तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला त्याच पाण्यात अडकवून ठेवणं. अशा वेळी बंद पिशवीतच तापमान जुळवा, उघडली की लगेच जाळीने काढून आधीच जुळवून ठेवलेल्या पाण्यात सोडा.

पहिल्या दिवशी खाणं नको आणि दिवा बंदच. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. पहिले दोन आठवडे छोट्या टाकीत एक दिवसाआड अमोनिया मोजा.

किती मासे? निऑन झुंडीत राहणारा मासा, सहाच्या खाली तो घाबरून राहतो, म्हणून तुमचे आठ योग्यच आहेत. ते इतके लहान आहेत की आठांचा एकत्र भार तुमच्या टाकीला झेपेल. मोठे मासे असते तर दोन-दोन, मध्ये तीन आठवड्यांचं अंतर ठेवून आणायला सांगितलं असतं, म्हणजे जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो.

मला खरी काळजी सकरची वाटते. सर्वसाधारणपणे त्या नावाने मिळणारा मासा ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि टाकी साफ करण्यापेक्षा कितीतरी जास्त घाण करतो. तुमचं नायट्रेट चढण्यात मोठा वाटा त्याचाच असणार. त्याला मोठी टाकी असलेलं कुणी मिळालं तर द्या. तळ्यात, नदीत मात्र कधीच सोडू नका. त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर जिथे जिथे तो सुटला, तिथल्या माशांना आणि काठांना त्याने उपद्रव दिला आहे. बार्ब दंगेखोर असतात, पण सहसा जीव घेत नाहीत. निऑन मोठ्या टाकीत सोडायच्या दिवशी दगड आणि झाडं थोडी हलवून मांडा, म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या जागा मोडतात, आणि त्यांना आधी पोटभर खायला घाला.

सोडल्यानंतरच्या पहिल्या सकाळी दिवा लावण्याआधी खोलीच्या उजेडात निऑन मोजा. रात्री त्यांचा रंग फिका पडतो, ते पाहून घाबरू नका, उजेडात थोड्या वेळाने परत येतो. आठ भरले नाहीत तर फिल्टरच्या मागे आणि झाडांच्या बुडाशी शोधा, मेलेला मासा आत राहू देऊ नका. आणि एखादा गेलाच, तर औषधाच्या बाटलीकडे जाण्याआधी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच त्याच तासाला मोजून ठेवा. संध्याकाळपर्यंत ते आकडे बदललेले असतात, मग कारण शोधायला हाताशी काही उरत नाही.